बत्तीस बार आणि एक घोडी

पुण्यातल्या त्या मैफलीत मी एकदाच टाळी वाजवली, आणि ती एकट्यानेच वाजवली.

त्याचं असं झालं. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. सोमवार ते शुक्रवार कंपनी आणि शनिवार-रविवार गिटार, असा त्याचा संसार. गेल्या हिवाळ्यात डोळे तपासायला म्हणून मी त्याच्याकडे उतरलो होतो. तर म्हणाला, "मामा, तुम्ही तबल्यातले माणूस. चला, तुम्हाला जाझ ऐकवतो." आता मी तबल्यातला माणूस म्हणजे १९७९ साली प्रवेशिका पूर्ण पास झालोय, एवढंच. पुढे बँकेत कॅशियर म्हणून चिकटलो आणि बोटं तबल्यावरून जी नोटांवर गेली, ती रिटायर होईपर्यंत तिथेच राहिली. पण अजूनही लग्नाच्या वरातीत मी बँडवाल्याकडे बघून मान हलवतो, त्यामुळे नात्यागोत्यात माझा दबदबा टिकून आहे.

छोटासाच हॉल होता. स्टेजवर पिकल्या केसांचे दोन गिटारवाले खुर्च्यांवर, मागे कपाटाएवढं बासचं धूड धरून उभा असलेला एक जण आणि कोपऱ्यात ड्रमवाला. वाजवायला लागले. आणि लोक चालू गाण्यात टाळ्या वाजवू लागले! मी हात मांडीखाली दाबून बसलो. भाच्याने कानात सांगितलं, "एकाचं वाजवून झालं की टाळी द्यायची, मामा. त्याची पाळी संपली ना." मग मी बगळ्यासारखा टपून बसलो. एका जागी दोघेही एकदम थांबले. म्हटलं, हीच ती वेळ. दिली दणदणीत टाळी. ते थांबले नव्हते, नुसती जागा सोडली होती. त्यातल्या थोरल्याने मान वर करून नेमकं माझ्याकडे बघितलं आणि गोड हसला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

परतताना रिक्षात भाचा म्हणाला, "मामा, खरं सांगा, सम सापडली का?" सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळे एकदम येऊन पोचतात ती.

"सम काय, असतेच," मी म्हणालो.

"असतेच, पण कुठे?"

मी रिक्षावाल्याला उगीचच डावीकडे वळायला सांगितलं. घरी पोचेपर्यंत भाच्याने मोबाइलवर एक लिंक पाठवली होती. "आखाजीला आईला माहेरी घेऊन येतोय. तोवर शोधून ठेवा."

तर ही सगळी साडेसाती आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, मुदतीची.

वैशाखात अमळनेरला घरात झोपणं म्हणजे भट्टीत पावासारखं फुगणं. पारा ४४ वर गेला की रात्री दहाला अख्खी गल्ली गाद्या घेऊन गच्चीवर चढते. आमची गच्ची दिवसा बिबड्यांची आणि रात्री माणसांची. जुन्या धोतरावर ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, ओळीने थापलेले असतात. वाळले की धोतर उलटं करायचं, पाठीवर पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक अलगद सोडवायचा. हे काम सौ.ने माझ्याकडे दिलंय, कारण नोटा मोजलेल्या बोटांना ते जमतं म्हणे. त्याच धोतराच्या कडेला मी ब्लूटूथ स्पीकर ठेवला.

"अहो, ते तुमचं डबडं तिकडे सरकवा. बिबड्यांना मुंग्या लागतील."

स्पीकरने मुंग्या कशा लागतील, हे तिला विचारण्याची माझी अजून तयारी झालेली नाही.

शेजारची गच्ची नानांची. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तिशीतला. त्यांच्या बाजेला बाज लावून आबा, म्हणजे त्यांचे मेहुणे. बहिणीकडे चार दिवस म्हणून आले, त्याला सहा वर्षं झाली. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये गुडघ्याएवढी भिंत. आमच्याकडे कूस बदलली तरी त्यांना कळतं.

मी लिंक चालू केली. तिघं गिटारवाले, एका रांगेत. हर्ब एलिस, बार्नी केसेल, चार्ली बर्ड. 'ग्रेट गिटार्स' म्हणून तिघं १९७० च्या दशकात एकत्र वाजवायला लागले. जन्मसालं बघितली आणि मला गंमत वाटली: १९२१, १९२३, १९२५. एकाच घरात हाताखाली हात पोरं व्हावीत, तशी. एलिस टेक्सासातल्या फार्मर्सव्हिलचा. गावाचं नावच शेतकऱ्यांचं, म्हणजे आपल्यातलाच म्हणायचा. शिवाय चार्ली बर्डचा सख्खा भाऊ ज्यो मागे बास धरून उभा. थोडक्यात, भाऊबंदकी. फक्त भांडण नाही.

भांडणाला जागा मात्र होती. ऑस्कर पीटरसन नावाचा मोठा पियानोवाला, त्याच्या त्रिकुटात आधी केसेल होता. १९५३ मध्ये तो निघाला आणि त्याच्या खुर्चीवर एलिस आला. आमच्या बँकेत ज्याला चार्ज दिला त्याच्याशी माणूस पुढे दहा वर्षं बोलत नाही. फायली कशा ठेवल्या होत्या यावरून तर पिढ्यान् पिढ्या वैर. आणि हे दोघे पुढे मांडीला मांडी लावून एकच गाणं वाजवतायत, हसतायत. मी ते दोनदा मागे नेऊन बघितलं.

"काय भो," भिंतीपलीकडून नाना, "गानं कव्हय सुरू व्हई?"

"हाईच गानं शे, नाना."

थोडा वेळ शांतता. मग आबा: "मशीन बिघडी गयं का मंग?"

पहिले तीन दिवस मी मात्रा मोजल्या. भाच्याने फोनवर हिशेब सांगितला होता. बरीचशी जुनी गाणी बत्तीस बारांची. बार म्हणजे त्यांच्या तालाचा एक खण, त्यात चार मात्रा. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. कॅशियर जागा झाला: सोळाने भागा, आठ. म्हणजे आपल्या सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तनं! त्यात दोन आवर्तनं मुखडा, पुन्हा तोच मुखडा, मग दोन आवर्तनं अंतरा, परत मुखडा. हे तर आपल्या घरचंच निघालं. पहिल्यांदा चाल सरळ वाजवून दाखवायची, मग चाल सोडून द्यायची आणि तेवढ्याच एकशे अठ्ठावीस मात्रांच्या वाड्यात ज्याने त्याने वाटेल तसं हिंडायचं. वाडा दिसत नाही, पण भिंतीला कुणी धडकत नाही.

मी मात्र धडकत होतो. कारण ही माणसं पहिल्या मात्रेवर यायचं सोडून अर्धी मात्रा आधीच येऊन बसतात, लग्नात पंगत पडायच्या आधी पाटावर बसणाऱ्या पाहुण्यासारखी. त्यात तिकडच्या जाणत्यांची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. माझा हात जन्मभर एक, पाच, तेरा. उजवा हात तीनताल धरायचा, डावा पाय अमेरिकेत. एकशे बारापर्यंत एकदा बिनचूक पोचलो होतो, तेवढ्यात खालून भंगारवाल्यासारखा आवाज करत कुणाची तरी बुलेट गेली.

यातल्या त्या हेलकाव्याला ते स्विंग म्हणतात. स्विंग म्हणजे झोका. आखाजीला निंबाच्या फांदीला बांधतात तो. हे कळल्यावर मी सौ.ला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग आखाजीच्या आधी झोक्याची दोरी तेवढी बघून ठेवा, मागच्या वर्षी तुटली होती."

चौथ्या रात्री मी मोजायचं सोडलं. कंटाळून सोडलं, उगीच शहाणपणाचा आव आणत नाही. नुसतं बघत पडलो. आणि नजर वाजवणाऱ्यावरून सरकून शेजारच्यावर गेली. केसेल रंगात आलेला, तारांवर वर-खाली पळतोय. एलिसचा हात मात्र गिटारच्या मधोमध, जेमतेम हलतोय. आणि तो स्वतःच्या हाताकडे बघतच नाही, केसेलकडे बघतोय. केसेलने श्वासाएवढी जागा सोडली की त्या फटीत एलिसचे दोन आघात. टक्, टक्. पुन्हा गप्प. केसेल त्या दोन आघातांवर पाय ठेवून पुढची पायरी चढतो.

म्हटलं, अरे, हा हुंकार देतोय!

लहानपणी आजी गोष्ट सांगायची, तेव्हा हुंकार द्यायचं काम माझं होतं. हुंकार थांबला की आजी थांबायची. पोरगं झोपलं, आता कुणाला सांगू. आणि भलत्या जागी दिला की धपाटा. जाझवाल्यांनी या हुंकाराचा धंदा केलाय. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवाला होता. १९३७ साली बँडमध्ये आला तो १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच. पन्नास वर्षं मागे बसून ताल धरला, स्वतःचं असं जवळजवळ कधी वाजवलंच नाही. इतकी वर्षं नुसतं 'हं, मग?' म्हणत राहिला. आणि एलिस तर पीटरसनकडे असताना, त्या त्रिकुटात ड्रमच नव्हता म्हणून, गिटारवरच टकटक करून ती उणीव भरून काढायचा. सरकारी खात्यात याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात आणि तो घेणारा माणूस असा हसत नसतो.

त्या रात्री मी आनंदाच्या भरात स्पीकरचा आवाज थोडा वाढवला असावा.

"जपू दे ना भो!" नाना, आबा आणि पलीकडच्या दोन गच्च्या, एका सुरात. सम अशी असते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, वेस माँटगोमेरी नावाचा जाझ गिटारवाला दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री सराव करायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तारा छेडायची पट्टी सोडून नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला, असं सांगतात. त्या अंगठ्याच्या आवाजासाठीच तो पुढे जगभर गाजला." यात मला टोमणा आहे, हे कळायला अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मी इअरफोन घातला. एका कानात. दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो, बिबड्यांवर मांजर येतं.

आणि त्या मोकळ्या कानामुळेच सगळा घोटाळा झाला.

नानांची एक गोष्ट आहे. तरुणपणी सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, त्यांनी एक पांढरी घोडी घेतली. वाटेत तापी उतरताना घोडी सुटली, पळाली. नाना रडकुंडीला येऊन तीन दिवसांनी पायी घरी पोचले. बघतात तर घोडी दारात उभी. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, म्हणजे ऐकत नव्हतो. या वेळी उजव्या कानात तिघं गिटारवाले आणि डाव्यात नाना. नाना सरळ चालीत एकदा गोष्ट सांगतात. मग आबा म्हणतात, "मंग?" आणि विस्तार सुरू. सोमवारी घोडी सातशेला घेतली होती, बुधवारी बाराशेला. कधी तापीला गुडघाभर पाणी, कधी पूर. मध्येच आबा पुढे येतात, नाना मागे होतात. आबा त्या यात्रेला गेलेच नव्हते! तरी दलालाचा फेटा कसा होता ते ते बैजवार सांगतात आणि नाना पडल्या पडल्या म्हणतात, "हां... हां भो." मग दोघांचं चार-चार वाक्यांचं सुरू होतं. तो चार, हा चार. गिटारवालेसुद्धा शेवटी असेच चार-चार बार वाटून घेतात, आणि चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे आपलं अख्खं एक आवर्तन. आणि शेवटी कुणीही कुठेही असो, दोघे एकदम येतात: "आनि घोडी दारमा उभी!"

मी उठून बसलो. भिंतीपाशी गेलो आणि नानांना मोबाइल दाखवला. म्हटलं, हे तिघेही तुमच्यासारखेच. गोट एकच, पण जो तो रोज वेगळी सांगतो.

नानांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "तिन्ही जन एकच गोट सांगतस?"

"हा, नाना."

"मंग त्यामा खरं कोन बोलस?"

मी इअरफोन घेऊन परत आलो.

आखाजीला बहीण आली, भाचा आला. दोरी नवी आणली होती, त्यामुळे तेवढ्यापुरती माझी अब्रू राहिली. पुरणपोळी आणि आमरस हाणून रात्री सगळे गच्चीवर. भाच्याने विचारलंच, "मामा, सम?"

"गप्प पडून ऐक," मी म्हणालो. "पलीकडे. आणि मोज."

नानांना श्रोता नवा मिळालेला, त्यामुळे त्या रात्री रंग काही औरच. घोडी अडीच हजारांची. तापीला पूर, वर विजा. आबांनी दलालाला एक डोळा तिरळा दिला. भाचा बाजेच्या कडेवर बोटं आपटत मोजतोय, मी हळूच मांडीवर दुसरी-चौथी धरलेली, बहीणसुद्धा "मंग?" म्हणायला लागली. नाना चढत गेले, चढत गेले, वेशीपाशी आले, गल्लीत शिरले, आवाज खाली आणला...

"आनि घोडी दारमा उभी!"

मी टाळी वाजवली. दणदणीत. सहा महिन्यांची कसर भरून काढली.

बाकी कुणीच वाजवली नाही. गच्चीवर शांतता. भिंतीपलीकडे नाना कोपरावर उठून माझ्याकडे बघत होते.

"टाळी कसाले वाजाडी, भो?" ते म्हणाले. "आजून संपनी नही. ती घोडी दुसरीच व्हती."

"मंग?" आबा म्हणाले.