कापणी झालीय, कापणारे कुठे गेले?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेन्सबरो या इंग्लिश चित्रकाराचं एक चित्र आहे, ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’. साधारण १७५० चं. इंग्लंडमधल्या सफोक परगण्याच्या सीमेलगत, एसेक्समधली त्यांची स्वतःची जमीन, ओकच्या झाडाखाली नवं जोडपं. ती बाकावर, निळा फुगीर झगा घालून. तो शेजारी ऐटीत उभा, काखेत बंदूक, पायाशी कुत्रा. (तिच्या मांडीवरचा तुकडा रंगवायचा राहूनच गेलाय. तिथे मारलेला पक्षी येणार होता की पुढे होणारं बाळ, यावर तर्क चालूच असतात.)

माझं लक्ष मात्र उजवीकडच्या शेतात अडकतं. पीक कापलंय, पेंढ्या बांधून उभ्या केल्यात, धसकटांच्या ओळी सरळसोट, म्हणजे पेरणी पाभरीसारख्या यंत्राने झालेली. आणि अख्ख्या शेतात माणूस नाही! ऐन सुगीत? ज्याने एकदा तरी विळा धरलाय त्याला हे शेत खरं वाटणार नाही. बाईंच्या त्या नाजूक गुलाबी सपाता धसकटांत दोन पावलं टिकल्या नसत्या.

बंदूकही नुसती शोभेची नाही. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क मोठ्या जमीनदारांपुरता राखला होता, तो १८३१ पर्यंत टिकला. शेतमजुराने ससा मारला तर ती चोरी.

कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्लिश चित्रकाराच्या ‘द हे वेन’मध्ये, म्हणजे ‘गवताची गाडी’मध्ये (१८२१), गवत कापणारे आहेत, पण लांबवर, ठिपक्यांएवढे. पुढच्याच वर्षी सफोक-नॉरफोकमध्ये मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. चित्रात त्याची चाहूलही नाही. चित्र मला आवडतंच, त्यातलं पाणी असं रंगवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. पण तिथली शांतता मला आता जरा संशयास्पद वाटते.

काही जमीनदारांचं तर माणसांविना नुसतं रंगवून भागलं नाही. डॉर्सेटमधल्या लॉर्ड मिल्टनला आपल्या वाड्यासमोरचं मिडलटन गाव नजरेत खुपायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ते पाडायला घेतलं. तिथे हिरवळ आली. लोकांसाठी टेकडीआड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी घरं बांधली, एकेका घरात दोन-दोन कुटुंबं. त्या वस्तीचं नाव मिल्टन ॲबस. पांढऱ्या भिंती, गवताची छपरं. आज लोक तिथे मुद्दाम जातात, ‘खरंखुरं इंग्लिश खेडं’ म्हणून फोटो काढायला.