उतारावर चाकं उजवीकडे? अहो, गाडी कुणाच्या अंगावर घालायचीय?

घाटात आणि चढावर गाडी पार्क करायचे "एक्स्पर्ट नियम" असा एक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर आधी काकांनी टाकला, मग तोच आतेभावाने टाकला, आणि आत्याने, जिने आत्ताच नवीन गाडी घेतलीय आणि ती घेऊन महाबळेश्वरला निघालीय, "खूपच उपयुक्त" असं लिहून स्क्रीनशॉट पण काढून ठेवला. म्हणून लिहितोय, नाहीतर फॉरवर्डशी भांडत बसायला वेळ कुणाला आहे.

मेसेजचं म्हणणं असं: चढावर गाडी लावताना पुढची चाकं डावीकडे वळवा आणि उतारावर उजवीकडे, कर्बपासून (म्हणजे फुटपाथच्या कडेपासून) 18 इंचाच्या आत. हँडब्रेक लावू नका, केबल ताणते आणि पावसात ब्रेक चिकटतात, नुसता गिअर पुरे. ऑटोमॅटिक असेल तर पी (पार्क) टाकला की काम झालं. चढावर रिव्हर्स आणि उतारावर फर्स्ट. चाकाखाली दगड लावणं अडाणीपणा, टायर खराब होतो.

आधी चाकांचं बघू, कारण सगळ्यात भयंकर तेच आहे. ते "18 इंच" वाचलं तेव्हाच कळलं की माल कुठला आहे. हा कॅलिफोर्नियातला नियम आहे, कुणीतरी उचलून जसाच्या तसा मराठीत उतरवलाय. तिकडे तो बरोबरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर 3 टक्क्यांपेक्षा जास्त चढ असलेल्या रस्त्यावर चाकं फुटपाथच्या कडेला टेकवून ठेवली नाहीत तर दंड होतो. पण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात हो! त्यांचा फुटपाथ उजव्या हाताला, आपला डाव्या. भाषांतर करणाऱ्याने सगळं मराठीत आणलं, फक्त डावं-उजवं उलटं करायचं विसरला.

आता ते आपल्याकडे करून बघा म्हणजे काय होतं. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी, तोंड उताराकडे, चाकं मेसेजप्रमाणे उजवीकडे. ब्रेक सुटला तर गाडी सरळसुद्धा जाणार नाही, ती वळून थेट रस्त्याच्या मध्ये जाणार, समोरून चढून येणाऱ्याच्या अंगावर. तेच चाकं डावीकडे वळवलेली असती तर पुढचा डावा टायर लगेच फुटपाथच्या कडेला अडला असता आणि गाडी तिथंच थांबली असती. अख्ख्या ट्रिकचा उद्देश हाच आहे की सुटलेली गाडी रस्त्यावर येऊ नये, आणि हा मेसेज तिला मुद्दाम रस्त्यावर पाठवतोय.

चढावर तोंड असेल तर आपल्याकडे चाकं उजवीकडे, म्हणजे फुटपाथपासून लांब. मग ब्रेकवरचा पाय हळूच सैल करत गाडी थोडी मागे येऊ द्यायची, पुढच्या डाव्या टायरची मागची बाजू कडेला टेकली की थांबायचं. मेसेज सांगतो डावीकडे. तसं केलं तर मागे घसरताना शेपूट फुटपाथवर आणि नाक रस्त्यात. फक्त एक मान्य करतो, नाइलाजाने: फुटपाथ नसेल, नुसती मातीची साइडपट्टी असेल, तर चढावर सुद्धा डावीकडेच वळवतात, कारण मग मागे आलेली गाडी रस्त्याबाहेर जाते. आपल्या घाटांत फुटपाथ असतो कुठे, त्यामुळे तेवढं एक वाक्य अंधारात मारलेला दगड लागावा तसं लागलंय. आणि डाव्या हाताला दरी असेल तर? तर डावं नाही नि उजवं नाही, तिथं गाडी लावायचीच नाही, फोटो कितीही भारी येत असला तरी. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर तर तसंही लावायची नसते.

हँडब्रेक लावू नका म्हणे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126 वाचा. सार्वजनिक जागी गाडी उभी करून जाताना ड्रायव्हर सीटवर लायसन्सवालं कुणी नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, किंवा गाडी चुकून हलणार नाही अशी दुसरी काही व्यवस्था केलेली पाहिजे. आता कुणीतरी त्या "किंवा"ला लटकणार की मग गिअर ही दुसरी व्यवस्थाच की. ठीक आहे, पण गिअरमध्ये गाडीला धरून काय ठेवतं? इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब. तो हळूहळू गळतो, इंजिन थोडं फिरतं, गाडी वीतभर सरकते, परत थांबते, परत सरकते. शिवाय आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांना धरतं आणि हँडब्रेक मागच्या. दोन्ही लावले तर चारही चाकं धरली जातात, एवढं साधं आहे.

ब्रेक चिकटतात हे अर्धं खरं आहे. पावसाळ्यात, नाहीतर गाडी धुऊन तशीच आठवडेच्या आठवडे उभी ठेवली तर मागच्या ड्रमचे लायनर चिकटतात. पण ते सोसायटीच्या सपाट पार्किंगसाठी, तिथं खुशाल गिअरमध्ये ठेवून चाकाला स्टॉपर लावा. पसरणी घाटात चहाला थांबलात तर तेवढ्यात काही चिकटत नाही. आणि लिव्हर ओढताना टकटक पूर्वीपेक्षा जास्त वेळा वाजायला लागली असेल तर गॅरेजमध्ये केबल ॲडजस्ट करून घ्या, ब्रेक वापरायचं कशाला सोडता.

रिव्हर्स-फर्स्टचं उलटं लिहिलंय, चढावर फर्स्ट, उतारावर रिव्हर्स. दोन्ही गिअरची पकड जवळपास सारखीच असते त्यामुळे यावर जास्त डोकं लावत नाही.

पी बद्दल मात्र लावतो. पी म्हणजे गिअरबॉक्समधली एक छोटी लोखंडी खुंटी, दात्यांच्या चाकात जाऊन अडकते. चढावर अख्ख्या गाडीचं वजन तिच्यावर टाकलं की निघताना पी मधून काढताना लिव्हर अडतो आणि मग खाडकन आवाज येतो. म्हणून क्रम असा: पायाने ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय सैल करून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, परत ब्रेक दाबून पी. आणि गंमत म्हणजे आत्याची गाडी एएमटी आहे, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं! त्यात पी नाहीच. मारुतीच्या एजीएस गाड्यांत (मारुती एएमटीला एजीएस म्हणते) पण नाही. तिथं ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, चढावर डी (ड्राइव्ह) नाहीतर उतारावर आर (रिव्हर्स) टाकायचा आणि गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करायचं. पी शोधत बसलेला माणूस न्यूट्रलमध्ये बंद करून चहा प्यायला जाणार.

आणि दगड. अडाणीपणा कसला, घाटात ट्रकवाले हेच करतात. दगडाने टायर खराब होत नाही. चाकाच्या उताराकडच्या बाजूला घट्ट बसवायचा. काढताना ड्रायव्हर सीटवर आणि पाय ब्रेकवर पाहिजे, काढणाऱ्याने गाडीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, बाजूने पायाने ढकलायचा. मग उचलून कडेला टाकायचा. बरेच लोक तो तसाच रस्त्यात सोडून निघून जातात, आणि रात्री मागून येणारा बाइकवाला त्याच्यावर आपटतो.