रेअर म्हणजे किती?

खालचा ओठ अजून बधिर आहे आणि शर्टावर चहा सांडलाय, तेव्हा राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

अक्कलदाढ काढायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने (मला 'काका' म्हणाली, मी 46 चा आहे, असो) चार पानी इंग्रजी संमतीपत्र पुढे सरकवलं. "वाचायचं नसतं ते, खाली फक्त सही."

मी वाचलं. तिथेच चुकलं. पानभर 'मे', 'माइट' आणि 'कुड'. ओठ बधिर होणं 'पॉसिबल', कायमचा बधिर राहणं 'रेअर'. शाळेत बाईंनी 'माइट' हा 'मे'चा भूतकाळ एवढंच शिकवलं होतं. माझ्या ओठाचा तर भविष्यकाळ टांगणीला लागलेला.

"रेअर म्हणजे किती?"

"रेअर म्हणजे... रेअर."

शेजारी एक सुजलेल्या गालाचे गृहस्थ बसले होते. तोंडात कापसाचा बोळा. आयुष्यभर विमा विकलेला माणूस.

"थाहेब, रेअर हा आकडा नथतो. थूर अथतो."

"सूर?"

"गिऱ्हाइकाला घाबरवायचं तर 'पॉथिबल'. थही हवी अथेल तर 'रेअर'. आणि आपण अडकायचं नथेल तर 'मे'. पस्तीथ वर्षं हेच केलं."

एवढ्यावर थांबतील तर शपथ. बोळा गालात सरकवून त्यांनी बाकावर मतदान घेतलं. कॉलेजचा पोरगा म्हणाला, लाखात एक. एक बाई म्हणाल्या, शंभरात एक. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "माझ्या जावेला झालं होतं." अख्ख्या बाकाने आपापला ओठ चाचपला.

हा घोळ फक्त आमच्या बाकावरचा नाही. 1951 साली अमेरिकी गुप्तचरांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे असं लिहून दिलं. त्याच खात्यातले विश्लेषक शर्मन केंट यांनी मागाहून आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणाच्या मनात 20 टक्के, कुणाच्या 80! शब्दांवर मात्र सगळ्यांचं एकमत.

आणि आकडा देता येत नाही असंही नाही. युरोपात औषधाच्या खोक्यातल्या कागदावर 'रेअर' आलं की त्याचा अर्थ ठरलेला असतो: हजारात एक ते दहा हजारांत एक, या मधलं काहीतरी. आमच्याकडे आकडा नाही, मराठीही नाही. बिल मात्र रुपया-पैशासकट अचूक, तिथे 'मे' नाही की 'माइट' नाही. आणि पुढे काही झालंच, तर 'तुम्ही सही केलीत' हे वाक्य शुद्ध मराठीत ऐकवतील.

मी सही केली. करतो काय, दाढ ठणकत होती.

संध्याकाळी चहाचा घोट ओठातून परस्पर शर्टावर गेला. फोन लावला. "अहो, ओठ अजून आला नाही."

"येईल काका," ती म्हणाली, "मोस्टली."