त्या फाटकाला कुलूप आहे, ते राहू द्या

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ट्रेकिंग ग्रुपवर दर वसंतात हा विषय निघतोच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतक्या जवळ त्यांचीच जॅस्पर रिज ही राखीव जागा आहे, जवळजवळ बाराशे एकर, टेकड्या, ओकची झाडं, तळं, सगळं आहे. मग आपल्याला आत का सोडत नाहीत? एवढी श्रीमंत युनिव्हर्सिटी, लोकांना जरा फिरू दिलं तर तिचं काय जातंय? या खेपेला कुणीतरी "निव्वळ माजोरीपणा" असं लिहिलं आणि खाली भराभर अंगठे पडले. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून इथे लिहितेय. लांब आहे, पण वाचा.

माझं मत सरळ आहे. ते फाटक बंद आहे हेच योग्य आहे. आणि तसं एकेक फाटक आपल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या आवारात असायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करते. जॅस्पर रिज म्हणजे कुणाचा हात न लागलेलं रान नव्हे. ही मुवेक्मा ओलोनी या तिथल्या मूलनिवासी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. नंतर तिथे गुरं चरली, १८९२ मध्ये सिअर्सव्हिल धरण बांधलं गेलं, आणि १९७० च्या दशकापर्यंत त्या तळ्यावर लोक पोहायला, होड्या वल्हवायला येत. १९७३ मध्ये विद्यापीठाने ही जागा संशोधन आणि शिक्षणासाठी अधिकृतपणे राखून ठेवली. म्हणजे वापरलेली, झिजलेली जमीनच राखीव केली. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे पहिला आक्षेप हाच येतो: "आमच्या आवारात राखण्यासारखं उरलंयच काय?"

आता फुलपाखरांबद्दल. स्टॅनफर्डचे जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९६० च्या सुमारास जॅस्पर रिजवरच्या बे चेकरस्पॉट फुलपाखरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. काळ्या पंखांवर लाल-पिवळ्या चौकटी असलेलं हे छोटं फुलपाखरू सर्पेंटाइन खडकावरच्या गवताळ पट्ट्यांत राहतं. सर्पेंटाइनची माती म्हणजे वनस्पतींची परीक्षाच: कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर, त्यात निकेल, आणि नत्राची चणचण. युरोपातून आलेल्या गवतांनी कॅलिफोर्नियाच्या टेकड्याच्या टेकड्या व्यापल्या, पण या मातीवर त्यांचं फारसं चालत नाही. म्हणून इथली मूळची रानफुलं या पट्ट्यांत तगून राहिली.

मी मार्गदर्शकाबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी आम्हाला पायवाटेच्या कडेला उकिडवं बसवलं आणि एक रोप दाखवलं. बोटाच्या पेराएवढी उंची, दोऱ्यासारखी पानं, वर एक फिकट बोंड. उभ्याने चाललो असतो तर दिसलंच नसतं. हे प्लांटॅगो इरेक्टा, आपल्या इसबगोलाच्याच कुळातलं. चेकरस्पॉटची मादी याच्यावर अंडी घालते. एप्रिलच्या शेवटापासून ऊन तापायला लागतं आणि हे रोप वाळतं. त्याआधी सुरवंटाने पुरेसं खाऊन मोठं व्हायचं, मग उन्हाळाभर निपचित पडून राहायचं, आणि हिवाळ्याच्या पावसाने कोंब फुटले की पुन्हा खायला लागायचं. रोप दोन आठवडे आधी सुकलं तर सुरवंट उपाशी मरतात. उत्तरेकडच्या उतारावर गारवा टिकतो, तिथे रोप जास्त दिवस हिरवं राहतं; दक्षिणेच्या उतारावर लवकर करपतं. म्हणजे एकाच टेकडीच्या दोन अंगांवर जगण्याचा हिशोब वेगळा!

हे सगळं कळलं ते वर्षानुवर्षं तीच टेकडी, तेच पट्टे, तीच फुलपाखरं मोजत राहिल्यामुळे. एका पट्ट्यातली फुलपाखरं साठच्या दशकात नाहीशी झाली, मग पुन्हा आली, पुन्हा गेली. एकेक करत १९९० च्या दशकाअखेर जॅस्पर रिजवरून हे फुलपाखरू पूर्णच नाहीसं झालं. २००२ मध्ये आलेल्या संशोधनात त्याचं कारण मांडलं गेलं: सत्तरच्या दशकापासून पावसाचे चढउतार वाढले होते, कधी अतोनात तर कधी टिपूस नाही, आणि त्या हेलकाव्यांनी हा शेवट लवकर आणला.

आता मला सांगा, ज्या उतारावर माणसं डबे घेऊन बसतात, कुत्री फिरवतात, सायकली चालवतात, तिथे फुलपाखरू संपलं असतं तर कारण कुणी सांगू शकलं असतं का? पाऊस म्हणा, पावलं म्हणा, काहीही म्हणा! पावलांचा प्रश्नच नव्हता, म्हणून पावसाकडे बोट दाखवता आलं. कुलपाचं महत्त्व मला तिथे पटलं.

मुंग्यांचं प्रकरण मला याहूनही आवडतं, कारण ते विद्यार्थ्यांचं आहे. स्टॅनफर्डच्याच जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन यांच्या गटाने १९९३ पासून जॅस्पर रिजवर मुंग्यांची पाहणी चालवली आहे. परदेशातून आलेली अर्जेंटाइन मुंगी इमारतींच्या आणि पाण्याच्या आधाराने आत शिरते आणि स्थानिक मुंग्यांना हुसकावते. पाहणी साधी: ठरलेल्या जागी जायचं, दगड, ओंडके उलटायचे, कोणती मुंगी आहे ते लिहायचं. वर्षानुवर्षं हेच. त्यातून दिसलं की ही मुंगी आधी पसरत गेली आणि पुढे तिचा पसारा अडला. एका जातीची स्थानिक मुंगी, तिला विंटर अँट म्हणतात, मात्र तिच्यासमोर टिकून होती. का, ते पदवीच्या वर्गातल्या मुलांनी शोधलं. विंटर अँट संकटात पोटाच्या टोकातून एक पांढरा थेंब सोडते आणि तो अर्जेंटाइन मुंगीला लागला की ती बहुतेक वेळा मरते. २०११ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वर्गातल्या प्रकल्पातून!

हे वाचून मला माझी बीएस्सी आठवली. पश्चिम महाराष्ट्रातलं कॉलेज, बॉटनी. आम्हीही क्वाड्रॅट, म्हणजे झाडं मोजायला आखलेला चौकोन, टाकला होता, चार खिळे आणि सुतळी. कॉलेजच्या मागच्या माळावर एका दुपारी बसून झाडं मोजली, टक्केवारी काढली, जर्नलमध्ये तक्ता आखला, सरांची सही झाली, परीक्षेनंतर जर्नल रद्दीत. पुढच्या वर्षीच्या मुलांनी दुसरीकडेच कुठेतरी क्वाड्रॅट टाकला. सर जीव तोडून शिकवायचे, मुलंही मन लावून करायची. पण तीच जागा, त्याच खुणा, त्याच महिन्यात, दर वर्षी, एवढं जमवलं असतं तर आज त्या माळाची कितीतरी वर्षांची नोंद हातात असती. तो माळ आता नाही. सपाट करून पार्किंग झालं. तिथे काय होतं ते कुणाला सांगता येणार नाही, कारण कुठे लिहिलेलंच नाही.

जॅस्पर रिजवरचा आणखी एक प्रयोग थोडक्यात सांगते. १९९८ पासून गवताच्या छोट्या वाफ्यांना उद्याच्या हवामानात ठेवून पाहिलं गेलं: कुठे जास्त कार्बन डायऑक्साइड, कुठे उष्णता, कुठे जास्त पाणी, कुठे नत्र, कुठे हे सगळं एकत्र. कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जोमाने वाढतील असं अजूनही ठासून सांगणारे भेटतात. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षात उलटंच दिसलं: बाकीच्या बदलांनी होणारी वाढ जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने दाबली गेली. मग सतरा वर्षांच्या आकड्यांवरचं विश्लेषण २०१६ मध्ये आलं. सतरा वर्षं तेच वाफे!

धरणाचं मात्र मला खटकतं. तळं नव्वद टक्क्यांहून जास्त गाळाने भरलंय, स्टीलहेड ट्राउट मासे धरणाच्या वर जाऊ शकत नाहीत, आणि निर्णय घ्यायला विद्यापीठाने फार वर्षं लावली. निसर्ग राखणाऱ्यांनी इतकं रेंगाळू नये. तरीही तो गाळसुद्धा अभ्यासाला लागला. २०१८ मध्ये तळातून नऊ मीटरहून लांब गाभा, म्हणजे गाळाच्या थरांचा उभा नमुना, काढला. त्यातल्या थरांत अणुचाचण्यांच्या काळातलं प्लुटोनियमही सापडतं. मानवी प्रभावाच्या प्रस्तावित नव्या भूशास्त्रीय युगाची सुरुवात दाखवायला जगातून ज्या बारा जागा विचारात घेतल्या, त्यात हे तळं होतं.

आणि ज्यांना आत जायचंय, त्यांना वाट आहे. मार्गदर्शकाबरोबर ठरवून जाता येतं. त्याहून छान म्हणजे, मार्गदर्शक व्हायचं असेल तर दोन सत्रांचा अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थी आणि आसपासचे नागरिक एकत्र शिकतात, प्राध्यापकांबरोबर रानात हिंडतात आणि मग इतरांना घेऊन जातात. निवृत्त माणसं विशीतल्या पोरांबरोबर बसून गवतं ओळखतात. आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी काकू-काकांना हे मनापासून आवडेल. फक्त फिरायलाच जायचं असेल तर या भागात मोकळी उद्यानं भरपूर आहेत, एक टेकडी सोडून दिली तर काही बिघडत नाही.

आता महाराष्ट्र. पुणे विद्यापीठाकडे ४११ एकर आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे ८५३. कृषी विद्यापीठांकडे तर याहून कितीतरी जास्त. काम करणारी माणसंही आहेत: शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती ज्या निष्ठेने जपल्या आणि वाढवल्या, त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे. पण माळ, कातळ, सडे यांच्याकडे आपण कसं बघतो? सातबाऱ्यावर 'पोटखराबा'. काही पिकत नाही म्हणजे काही नाहीच. खरं तर आपले सडे सर्पेंटाइनच्या त्या पट्ट्यांसारखेच आहेत: माती जेमतेम, पोषण नगण्य, म्हणूनच तिथे दुसरीकडे न सापडणाऱ्या वनस्पती. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये गर्दी करणाऱ्यांना हे सांगायला नको. तोच कातळ विद्यापीठाच्या आवारात असला की 'मोकळी जागा' होतो आणि नव्या इमारतीच्या नकाशात जातो.

शेताची पीकपाहणी दर हंगामाला लागते. विद्यापीठांनी आपल्या माळाची अशी पाहणी का लावू नये? खर्च म्हणाल तर चार लोखंडी खुंट्या, टेप, वही आणि जबाबदारी घेणारा एक शिक्षक. पदवीला पर्यावरणाचा विषय सक्तीचा आहेच. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आले आहेत आणि मुलं प्रोजेक्ट कुठे करायचा म्हणून वणवण फिरतात. ते क्रेडिट याला द्या. पहिल्या पावसानंतर काय उगवलं, श्रावणात काय फुललं, दिवाळीनंतर काय उरलं, एवढं लिहा. पुढच्या बॅचने तीच वही पुढे न्यायची. आणि त्या तुकड्यावर बांधकाम होणार नाही असा ठराव व्यवस्थापन परिषदेत करून घ्या, नाहीतर कुलगुरू बदलले की खुंट्या उपटल्या जातील.

माझ्या मित्रयादीत शिक्षक बरेच आहेत, सिनेटवरचेही दोघे-तिघे आहेत. जूनच्या आत एक गुंठा जरी आखलात तरी चालेल. खुंट्या, टेप आणि वह्यांचा खर्च मी देते, मेसेज करा. आणि तुमच्या कॉलेजात अशी वही आधीपासून चालू असेल तर ती कोणत्या साली सुरू झाली आणि आज कुणाकडे आहे, एवढं खाली लिहा.