खुलासा : हिरोशिमाची शांतिज्योत १९४५ची नाही

६ ऑगस्ट जवळ आला की एक संदेश हमखास फिरतो : हिरोशिमाच्या शांती उद्यानातली ज्योत अणुबॉम्बच्या आगीवर पेटवलेली असून १९४५पासून अखंड जळते आहे. हे खरं नाही. ती ज्योत १ ऑगस्ट १९६४ रोजी पेटवली गेली. जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईल तेव्हाच ती विझवायची, असा संकल्प आहे.

घोटाळा बहुधा होशिनोमुळे झाला असावा. फुकुओका प्रांतातल्या या गावात जपलेली ज्योत मात्र खरोखर हिरोशिमातल्या निखाऱ्याची. एका सैनिकाने काकांच्या उद्ध्वस्त घरातून तो आणला आणि घरात वर्षानुवर्षं तेवत ठेवला.

अणुबॉम्ब पडला त्या ६ ऑगस्टला उद्यानात दरवर्षी होणाऱ्या स्मृतिसोहळ्याबद्दल सांगायचं तर ज्योतीपेक्षाही मला पाणी हलवून सोडतं. भाजलेली माणसं "पाणी, पाणी" करत गेली, म्हणून दरवर्षी स्मारकापुढे पाणी अर्पण करतात. वर्षभरात निधन पावलेल्या बाधितांची नावं नोंदवहीत चढवून ती स्मारकाच्या कमानीखालच्या दगडी पेटीत ठेवतात. मग सकाळी ८.१५ला, बॉम्ब फुटला त्याच मिनिटाला, घंटा वाजते आणि सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहतात.

तो संदेश पुढे पाठवलेला असेल, तर कृपया त्याच ग्रुपवर हेही टाका.