३४ फुटांत काय बसतं आणि काय सोडावं लागतं: एका रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्याकडून घेतलेल्या ३४ फुटी स्पोर्ट्स क्रूझरबद्दलचा (केबिन असलेल्या वेगवान मोटरबोटीबद्दलचा) आपला रिव्ह्यू नीट वाचला. दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी मांडल्यात. मांडव्याहून दुपारी मुंबईला परतताना बोट इतकी आपटते की पाठ धरते. मागच्या केबिनमध्ये उभं राहता येत नाही. स्टर्नड्राइव्हवर (पंखा धरणाऱ्या, बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या पायावर) दर वर्षी खर्च निघतो. आणि मित्राची तेवढ्याच लांबीची बोट त्याच पाण्यातून आरामात येते. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातली एकही मी नाकारत नाही. पण शेवटी आपण लिहिलंय, ‘बी कॅटेगरीची म्हणून घेतली, निघाली खाडीत फिरवण्याच्या लायकीची.’ (बी ही बोट किती वाऱ्या-लाटांसाठी बांधली आहे ते सांगणारी श्रेणी.) हे मात्र मला मान्य नाही. का नाही, ते जरा सविस्तर लिहितो, कारण पहिली स्पोर्ट्स क्रूझर घ्यायला निघालेली बरीच मंडळी हे वाचतील.

आधी आपली यादी. ती मला चांगली आठवते, कारण विचार करून केलेली होती. घरची सहा माणसं. आई-बाबांना दुपारी एसीत आडवं व्हायला स्वतंत्र जागा. दरवाजा असलेलं, उभं राहता येईल असं टॉयलेट. काशीद-मुरुडकडे दोन जोडप्यांना रात्र काढता यावी. नांगर टाकून जेवताना ताटं सरकू नयेत. वेग २५ नॉट्सच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास. आणि लांबी ३४ फुटांच्या वर नको. मुंबईत मोठ्या बोटीला जागा मिळणं किती अवघड आहे हे आपल्याला ठाऊकच आहे, त्यामुळे लांबीची अट अगदी रास्त होती. मी तेव्हाच म्हटलं होतं की फक्त दिवसाच्या फेऱ्या असतील तर दुसरी केबिन घेऊ नका. त्यावर आपण म्हणालात, आई-बाबा येणार नसतील तर बोट घ्यायचीच कशाला? ते मला पटलं. आजही त्याच अटी सांगितल्यात तर मी हीच बोट दाखवेन.

आता आपटण्याचं. मागच्या टोकाला बोटीचा तळ आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर चढतो, त्याला डेडराइज म्हणतात. हा कोन मोठा असेल तर तळ लाटेवर पडताना पाणी कापत खाली जातो आणि धक्का विरतो. कोन लहान असेल तर तळाचा रुंद पट्टा एकदम पाण्यावर बसतो, आणि तो दणका थेट मणक्यात जातो. अमेरिकेत रेमंड हंट यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पार मागपर्यंत सुमारे २४ अंश ठेवणारा खोल व्ही तळ पुढे आणला. १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत डिक बर्ट्रम यांची त्याच रचनेची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात पहिली आली, आणि तिच्यावरूनच पुढे फायबरग्लासची बर्ट्रम ३१ निघाली. मग सगळेच २४ अंश का ठेवत नाहीत? कारण असा तळ पाण्यावर उचलायला ताकद जास्त लागते, म्हणजे इंजिनं मोठी आणि डिझेलही जास्त. शिवाय नांगरावर उभी असताना ती बोट जास्त डुलते. म्हणून कुटुंबासाठीच्या बहुतेक क्रूझर १६ ते २० अंशांत असतात. आपली साधारण १७ अंशांची, ११ फूट रुंद. काशीदला नांगरावर ताटं सरकत नाहीत ती याच तळामुळे आणि याच रुंदीमुळे.

आणि आपली वाट बघा. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. सकाळी जाताना समुद्र शांत असतो. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो, विशेषतः फेब्रुवारीनंतर, आणि परतीची वाट जवळपास त्याच दिशेला तोंड करून. लाट डाव्या बाजूने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर येते. त्यात बंदरातून ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. एक संपते न संपते तोच दुसरी. सरळ रेषेत सात-आठ सागरी मैलांचंच अंतर आहे, पण रुंद बोटीला अवघड जाणारं पाणी हेच.

आपल्या मित्राची बोट मी पाहिली आहे. उत्तम बोट आहे. अरुंद आहे, तळ खोल आहे, शाफ्टवर (इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या लांब दांड्यावर) चालते आणि केबिन एकच. आपण ‘तेवढीच लांबी’ म्हणता, पण आपले ३४ फूट मागचा स्विम प्लॅटफॉर्म (पाण्यात उतरायची फळी) धरून आहेत, त्यांचे प्लॅटफॉर्मशिवाय. पाण्यात बसलेली लांबी त्यांची जास्त, आणि आखूड लाटेत त्याचा फायदा होतोच. पण त्यांच्याकडे आई-बाबांना झोपवायचं असेल तर नाळेतल्या केबिनमध्येच झोपवावं लागतं. चालत्या बोटीत सर्वात जास्त उसळी मारणारी जागा ती. आपली दुसरी, म्हणजे मागची केबिन कॉकपिटच्या (वरच्या बसायच्या उघड्या जागेच्या) खाली, बोटीच्या मध्याजवळ आहे. तिथे हालचाल कमी. आपल्या मातोश्री तिथे तासभर शांत झोपतात हे आपणच मला फोनवर सांगितलं होतं.

त्या केबिनमध्ये उभं का राहता येत नाही, तर खाली तळ आहे आणि वर कॉकपिटची फरशी. तळ आणखी खाली नेता येत नाही. फरशी वर उचलली तर तिच्यावरचं सगळं वर जातं: सीट, सुकाणू, काच, हार्डटॉप. वजन उंचावलं की बोट जास्त कलंडते आणि वारा जास्त धरते, मग जेटीला लावताना तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची तारांबळ उडते. म्हणून दाराशी उभं राहून कपडे बदलण्यापुरती उंची दिली जाते, पलंगावर बसण्यापुरती. एवढ्या लांबीच्या स्पोर्ट्स क्रूझरमध्ये मागच्या केबिनमध्ये सगळीकडे पूर्ण उंची पाहिजे असेल तर ती बोट उंच, डब्यासारखी होते. तशा बोटीही चांगल्या असतात, पण ज्या देखण्या ठेवणीवर आपण भाळलात ती त्यात राहत नाही.

ही केबिन मुळात मिळाली ती स्टर्नड्राइव्हमुळे. शाफ्टच्या बोटीत इंजिन पुढे सरकवावं लागतं, कारण शाफ्ट तिरका उतरून पंख्यापर्यंत जातो. म्हणजे आपली केबिन जिथे आहे नेमकी तिथे मित्राची इंजिनं आहेत. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन अगदी मागे, ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) चिकटून बसतं आणि पाय बाहेर पाण्यात. १९५९ साली व्होल्व्हो पेंटाने ॲक्वामॅटिक आणली तेव्हापासून लहान क्रूझरमध्ये राहायला जागा निघाली ती या रचनेमुळे. पंख्याचा जोर जवळपास आडवा मिळतो, पाय वरखाली करता येतो, डिझेलही वाचतं. पंख्यात जाळ्याचा दोर अडकला तर पाय वर घेऊन प्लॅटफॉर्मवरूनच बऱ्याचदा कापता येतो. आपल्या किनाऱ्यावर ही सोय किती मोलाची आहे ते समुद्रात रोवलेल्या डोल जाळ्यांच्या पट्ट्यातून जाणाऱ्या कुठल्याही तांडेलाला विचारा.

खर्च मात्र आहे. आपल्याकडे बहुतेक बोटी हंगामभर बोयावर खाऱ्या पाण्यात असतात. पाय पूर्ण वर घेतला तरी त्याचा काही भाग पाण्यात राहतो, त्यावर शिंपले बसतात आणि ॲनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) झिजतात. ट्रान्सममधून फिरणारा सांधा जातो तिथे रबराचे बेलोज (घड्यांच्या नळ्या) असतात. ते फाटले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि लक्ष गेलं नाही तर बोटीतही. म्हणून ते वरून चांगले दिसत असले तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचेच. तिथे काटकसर करू नका, असं मी प्रत्येक ग्राहकाला बजावतो. ॲनोड जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचेच लावायचे. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी असतात, इथे ते बघता बघता संपतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे जून ते ऑगस्ट आपल्या बोटी जमिनीवरच असतात, त्यामुळे या कामासाठी हंगामातला एकही दिवस जात नाही.

आता बी कॅटेगरी. तिचा अर्थ असा की ब्यूफर्ट ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटा धरून बोटीची मजबुती आणि स्थिरता ठरवलेली आहे. बसणाऱ्याची पाठ दुखणार नाही असं ती कॅटेगरी कुठेच सांगत नाही. १७ अंशांची बोट आणि २४ अंशांची बोट, दोन्ही बी असू शकतात. परवाच्या वाऱ्यात आपल्या बोटीला धोका नव्हता. त्रास होता, आणि तो खरा होता.

त्या त्रासात थोडी भर नंतर पडली आहे. गेल्या हंगामात आपण स्विम प्लॅटफॉर्मवर रबरी टेंडर (छोटी होडी) बसवलीत, मोटरसकट. शिवाय कॉकपिटच्या मागच्या कोपऱ्यात दुसरा फ्रिज. म्हणजे शंभरेक किलो वजन बोटीच्या अगदी शेवटच्या टोकावर. मागे वजन वाढलं की नाळ वर उठते. नाळेखाली तळ धारदार असतो, लाट तिथे झेलायला हवी. नाळ वर राहिली की लाट मधल्या सपाट भागावर येते. मी फोटो पाहिले. बोट वेगात असताना नाळ इतकी वर आहे की सुकाणूवर बसलेल्याला समोरचं नीट दिसत नसेल.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करून बघा. टेंडर मांडव्याला किंवा घरी ठेवा. परतताना दोन्ही ट्रिम टॅब (नाळ खाली आणणाऱ्या मागच्या पट्ट्या) खाली, ड्राइव्हचे पाय पूर्ण आत. वेग २५ वरून १६-१८ नॉट्सवर आणा, पण बोट पाण्यावरून खाली बसेल इतका कमी नको, कारण त्या मधल्या वेगात नाळ सर्वात वर जाते आणि डिझेलही उगाच जळतं. लाटेवर सरळ जाऊ नका, वीस-तीस अंश तिरकं घ्या. वाट थोडी लांबते, पाठ वाचते. आणि शक्य असेल तर परत निघायची वेळ दुपारी बारापूर्वीची ठेवा.

बोट घ्यायला निघालेल्यांना एक विनंती. जेटीला बांधलेल्या बोटीत बसून निर्णय घेऊ नका. तिथे रुंद, दोन केबिनची बोट नेहमीच जिंकते. टाकी भरलेली, घरची सगळी माणसं आत, दुपारी तीनचा वारा, अशी चाचणी मागा, आणि वाऱ्याच्या तोंडावर किमान अर्धा तास चालवून बघा. विकणारा सकाळचीच वेळ देत असेल तर थांबा. मागच्या केबिनमध्ये डोकावू नका, दहा मिनिटं आडवे व्हा. इंजिनवरचं झाकण उघडून दोन इंजिनांच्या मध्ये हात जातो का पाहा, कारण केबिन मोठी करायला बऱ्याचदा तीच जागा खाल्लेली असते. आणि रात्री बोटीवर राहणारच नसाल तर दुसरी केबिन सोडून द्या, खोल तळाची अरुंद बोट घ्या. माझं हे मत ठाम आहे, मग त्यात आमची महाग बोट विकली न गेली तरी चालेल.

साहेब, तीन स्टार कमी दिलेत त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या आठवड्यात दुपारची ओहोटी असेल असा दिवस आपण ठरवा, आमचा तांडेल आणि मी येतो. एकदा आपल्या नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा टेंडर उतरवून, टॅब लावून परत येऊ, फरक आपल्याच पाठीला कळेल. त्यानंतरही मन बसलं नाही तर ही बोट विकून खोल तळाची घेऊन देण्याचं काम आम्ही करू, आणि विक्रीवरचं आमचं कमिशन घेणार नाही. आई-बाबा येणार असतील तर त्यांना मागच्या सीटवर बसवू, तिथे धक्का सर्वात कमी बसतो. वेळ ऑफिसला फोन करून कळवा.