नायी टिकीट

गेल्या गुरुवारी निपाणीच्या स्टँडवर एका बाईनं माझ्या हातावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं. मी मागितलं नव्हतं. मी भाच्याची वाट बघत कट्ट्यावर बसलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशात भाच्याच्या पोरीच्या बारशाचं पाकीट होतं आणि त्यात एक हजार एक रुपये होते. तरी दिलं. ते नाणं आत्ता टेबलावर माझ्यासमोर आहे आणि त्याचं काय करायचं हा घोळ घरात चार दिवस चालू आहे. पण ते मागाहून. त्या दिवशीचा अपमान बेळगावपासून पायरी पायरीनं चढत गेला होता, तो तसाच सांगतो.

माझा डावा पाय पोलिओचा. देशात पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ साली. ते दोन थेंब आले तेव्हा मी शाळा-कॉलेज उरकून बँकेत चिकटलो होतो. पायात कॅलिपर, काखेत कुबडी, आणि गेल्या वर्षापासून सोबतीला ऑलिव्ह. ही लॅब्रॅडॉर जातीची, रीतसर शिकून आलेली कुत्री. कुबडी पडली की आणून देते, किल्ल्या पडल्या की हातात देते, खुर्चीतून उठताना मला खांदा देते. (तसला खांदा नव्हे. तो द्यायला चुलत भाऊ तयारच आहेत.) नाव तिला शिकवणाऱ्यांनी ठेवलेलं. आमच्या आईला 'ऑलिव्ह' म्हणता येईना, तिनं पहिल्याच दिवशी 'आळीव' करून टाकलं. आता सगळी गल्ली आळीवच म्हणते. बाळंतिणीला लाडवातून घालतात, तेच.

आळीवच्या अंगावर लाल जाकीट असतं. त्यावर लिहिलेलं असतं की कुत्रं कामावर आहे, हात लावू नका. आपल्याकडे 'रंग ओला आहे, हात लावू नका' अशी पाटी लावल्यावर माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच.

तर बस. बसच्या पहिल्या पायरीबद्दल मला स्वतंत्र ग्रंथ लिहायचा आहे. ती जमिनीपासून इतकी वर असते की ज्यानं ती बनवली तो आयुष्यात कधी म्हातारा होणार नसावा. आधी आम्ही अपंग होतो, मग विकलांग झालो, २०१५ च्या डिसेंबरात दिव्यांग झालो. त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर २०१४ ला, आमच्या बेळगावचं अधिकृत बेळगावी झालं. म्हणजे आधी गावाचं नाव बदललं, पाठोपाठ माझं. गावातले खड्डे आणि माझी पायरी आहे तिथंच आहेत. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले आहेत, त्याची झेरॉक्स मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर बाळगतो. आजवर तिचा उपयोग एकदाच झाला, पावसात डोक्यावर धरायला.

दोन माणसांनी बखोटीला धरून मला वर ओढलं. 'थांबा, मी चढतो' असं मी म्हणत होतो. पण मदत करणारा माणूस एकदा मदत करायला लागला की तो कुणाचं ऐकत नाही. कुबडी खाली राहिली. ती आळीवनं आणली.

'अंगविकलरिगे', म्हणजे अपंगांसाठी, असं कानडीत रंगवलेल्या सीटवर एक तरणाबांड पोरगा कानात बोंडं घालून बसला होता. मी समोर उभा राहिलो, खाकरलो, कुबडी आपटली. तो खिडकीतून कॅम्पची झाडं बघत होता. आळीवनं त्याच्या मांडीवर हनुवटी टेकली मात्र, पोरगा किंचाळून थेट मागच्या दाराशी. पन्नास वर्षांत माझ्या पायाला जे जमलं नाही, ते तिच्या ओल्या नाकाला जमलं.

आणि मग शेजारी मामा आले.

मामा हुक्केरीकडचे. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा आणि डोक्यात मोकळा वेळ. बसल्या बसल्या त्यांनी आळीवकडं नीट बघून घेतलं. मग माझ्या पायाकडं. मग परत आळीवकडं, आणि म्हणाले, "बिचारी. किती करायला लागतंय हिला."

तेवढ्यात कंडक्टर आला आणि म्हणाला, "नायी टिकीट तगोरी."

कानडीत नायी म्हणजे कुत्रं. कुत्र्याचं तिकीट घ्या, असं तो सांगत होता. मला कळलं, मी पाकीट काढलं. मागच्या सीटवर हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या एक मावशी होत्या, संकेश्वरला उतरून पुढं जाणाऱ्या. त्यांनी पुढं वाकून माझा हात धरला.

"पैसे कशाला काढतासा ओ? त्यो 'नाय टिकीट' म्हणतोय न्हवं?"

"मावशी, तो नायी म्हणतोय."

"त्येच की. नाय म्हणतोय. आत ठेवा."

मामा मागं वळले. "आक्का, नाय न्हवं, नायी. नायी म्हंजे कुत्रं."

"कुत्रं आमाला दिसतंय की. त्येला टिकीट हाय का नाय?"

"हाय. नायी टिकीट हाय."

"हाय का नाय, एक काय ते सांगा!"

कंडक्टर दोघांकडं बघत होता. त्याला मराठी उत्तम येत असणार, या भागात कुणाला येत नाही? पण कामाच्या वेळी कुठली भाषा येते आणि कुठली येत नाही, हे आमच्याकडं प्रत्येकानं ज्याचं त्याचं ठरवलेलं असतं. मीही ठरवलेलं आहे. मला कानडी फक्त भाजी घेताना येतं.

मामांना आता सूर सापडला होता. "सर, तुमी मुधोळ का न्हाई घेटला? आपल्याकडचं कुत्रं ते. मुधोळच्या राजानं इंग्लंडच्या राजाला भेट दिल्यालं. मिलिट्रीत हाय. २००५ साली सरकारनं मुधोळच्या कुत्र्याचं तिकीट काढलं, म्हाईत हाय का?"

"पोस्टाचं," मी म्हणालो.

"तिकीट ते तिकीट."

मुधोळ हाउंड ससा दिसला की सुटतो. तो माझ्या हाताला बांधला असता तर मी निपाणीला बसच्या आधी पोचलो असतो, पण आडवा. हे मी मामांना सांगितलं नाही. मामा सीटखाली वाकले होते. वर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "गडी का बाई?"

"मादी आहे."

मामांनी मांडीवर थाप मारली. "मग झालं की! झिरो टिकीट!"

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, राज्यातला रहिवासी असल्याचं ओळखपत्र दाखवलं की झालं. मामांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. कुत्री बाई आहे, बेळगावात राहते, मग अडलं कुठं? कंडक्टरच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तो आळीवकडं बघून म्हणाला, "आधार तोरस्री." आधार दाखवा. त्या माणसाबद्दल मला तेव्हा फार आदर वाटला.

पण मावशी उसळल्या. "माझं म्हायेर बेळगावचं शापूर! जल्म हितला! आधार गडहिंग्लजचा म्हणून मला अख्खं टिकीट, आन् ही कुत्री फुकट?" कुणी फुकट सोडलं नव्हतं, पण मावशींचं दुःख खरं होतं. नवरा संकेश्वरच्या अलीकडचा केला असता तर आयुष्यभराचा प्रवास वाचला असता. लग्न ठरवताना पत्रिका बघतात, हद्द बघत नाहीत.

शेवटी कंडक्टरनं आळीवचं अर्धं तिकीट फाडलं. पैसे मी पुढं केलेले. त्यानं मामांना विचारलं, "ह्यास्नी कुठं उतरायचंय?"

मामांनी सांगितलं, "निपाणी."

मामा मला सात मिनिटांपासून ओळखत होते. माझं तोंड शाबूत आहे, पोलिओ पायाला झालाय. पण हे नेहमीचंच. हॉटेलात वेटर बायकोला विचारतो, 'ह्यांना काय आणू?' आता बायको बरोबर नसली तर कुत्रीला विचारायचं तेवढं बाकी आहे. हसून सोडून द्यावं म्हणतात. पन्नास वर्षं हसतोय, गाल दुखायला लागलेत.

यमकनमर्डी मागं पडलं आणि मामांनी तो प्रश्न विचारला, जो सीमाभागात कधी ना कधी सगळ्यांनाच विचारला जातो.

"हिला मराठी येतं का कानडी?"

सगळी बस गप्प झाली. मला काही बोलू न देता मामांनी परीक्षाच सुरू केली. आधी मराठी. "ये ये ये, बाळा, बस. बस खाली." आळीव बघत राहिली. मागून कुणीतरी, "अण्णा, कन्नड माताडरी," म्हणून सुचवलं. मामांनी आवाज बदलला. "बा इल्ली, बा. कुंद्रु." आळीवनं जांभई दिली. पुढच्या दोन सीटवर मराठी आणि कानडी अशी फळी उभी राहिली. जो तो आपापल्या भाषेत चुचकारायला लागला. एकानं 'छू' म्हटलं, ते दोन्ही भाषांत चालत असावं. बिस्किटं निघाली. मी 'देऊ नका, ती कामावर आहे' म्हणत होतो, पण माझ्याकडं लक्ष कुणाचं होतं?

अखेर कंटाळून मीच हळू आवाजात म्हणालो, "सिट."

आळीव बसली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इंग्लिश मीडियम," ते म्हणाले. "आमच्या नातवंडांगतच."

या वाक्यावर हसणारा मी एकटाच होतो आणि मीही पुरतं हसलो नाही. १९५६ पासून आम्ही कुठल्या राज्यात असावं यावर मोर्चे निघताहेत, महाजन आयोग येऊन गेला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. आमचे वडील त्यासाठी लाठ्या खाऊन आले होते. आणि आता दोन्हीकडची पोरं 'सिट' म्हटलं की बसतात. माझी मुलगी पण.

मामा हत्तरगीला उतरले. उतरताना कुंद्याचा खडा आळीवच्या तोंडात घालून गेलेच. मला विचारलंसुद्धा नाही, कुंदा हवा का म्हणून.

आता निपाणी.

बसमधून उतरताना पुन्हा तेच बखोट, तीच पायरी. भाच्याचा फोन, 'मामा, पाच मिनिटांत आलो', म्हणजे अर्धा तास. मी कट्ट्यावर बसलो, कुबडी आडवी ठेवली, आळीव पायाशी. समोरून एक बाई आल्या, हातात फुलांची परडी. थबकल्या. माझ्याकडं बघितलं, कुबडीकडं, आळीवकडं. डोळे मिटले, हात जोडले, आणि कनवटीचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

गुरुवार होता हे मला आठवलं, पण उशिरा. कुबडी आणि पायाशी कुत्रं. दत्त महाराज दुपारची भिक्षा कोल्हापुरात मागतात अशी श्रद्धा आहे आणि निपाणी त्याच वाटेवर. तेव्हा ती बाई मला भीक घालत होती की नैवेद्य दाखवत होती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आईचं म्हणणं नैवेद्य. बायकोचं म्हणणं, शर्ट बदल. दत्त म्हणावं तर मला तोंड एकच, आणि त्यातून त्या वेळी शब्द फुटला नाही. मला सांगायचं होतं की बाई, मी इन्कम टॅक्स भरतो. मी हात झटकला. नाणं पडलं आणि घरंगळत चहाच्या गाड्यापर्यंत गेलं.

पडलेली वस्तू उचलून मालकाच्या हातात द्यायची, हे आळीवला सहा महिने शिकवलेलं आहे. ती उठली, चार माणसांच्या पायांतून नाणं शोधलं, तोंडात धरून आणलं आणि ओलंचिंब नाणं माझ्या हातावर ठेवून शेपूट हलवायला लागली.

स्टँडवर टाळ्या पडल्या. बाईंनी पुन्हा हात जोडले, या वेळी आळीवला. एका पोरानं पाच रुपये टाकून बघितले. तेही आले. दुसऱ्यानं दोन टाकले. 'नो' म्हणून मी ओरडत होतो, तर एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, इंग्लिशमधनं शिकवलंय." सतरा रुपये झाले.

पाच आणि दोन ज्याचे त्याला परत केले. बाई तोवर गेल्या होत्या. दहाचं नाणं मी चहावाल्याला दिलं. त्यानं ते बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं. "दहाचं नाणं हितं चालत नाई ओ." रिझर्व्ह बँकेनं दहाची सगळी नाणी चालतात असं कितीदा जाहीर केलंय, हे मी बँकेतला माणूस त्याला समजावायला लागलो. तो माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, चहाचे पैसे नकोत."

खिशात एक हजार एक रुपये होते, परत सांगतो.

बारसं छान झालं. मुलीचं नाव अन्विता की अन्विका ठेवलं. आत्यानं आळिवाचे लाडू दिले आणि त्यावर जे विनोद व्हायचे ते झाले.

नाणं घरी आलं. देवापुढं ठेवावं तर मी स्वतःला दत्त समजतो असं होतं. खर्चावं तर कोपऱ्यावरचा दुकानदारही घेत नाही. भिकाऱ्याला द्यावं तर तो मला धंद्यातला समजेल. शनिवारी कचऱ्यात टाकलं, आळीवनं काढून आणून दिलं. रविवारी कपाटामागं ढकललं, सकाळी उशाशी होतं, ओलं. काल रात्री खिडकीतून अंगणात जोरात भिरकावलं. अंधारात कुठंतरी फरशीवर वाजलं.

आळीव उठली.